रॉकेटचे सुकाणू आणि आपला शिक्षण निधी



वार्षिक सभा जवळ आली आहे. विषयपत्रिकेत शिक्षण निधीचा विषय आला की एक प्रश्न दरवर्षी हमखास उभा राहतो. टनामागे कपात होते त्या पैशातून कॉलेज चालते, मग पोरांना नोकरी लागेल तेवढेच तिथे शिकवा; संशोधन-बिंशोधन हे पुण्या-मुंबईच्या लोकांचे चोचले, आपल्याला काय करायचे? यंदा या प्रश्नाला आणखी एक शेपूट फुटले आहे. आपल्या अभियांत्रिकी कॉलेजातल्या मास्तरांनी आणि पोरांनी उडत्या यंत्रांचे मार्गदर्शन व नियंत्रण या विषयाची एक छोटी प्रयोगशाळा मागितली आहे. गटसभेत एका जुन्या जाणत्या सभासदांनी विचारले, "विमानं आन् रॉकेटं उडवून उसाचा उतारा वाढणार हाय का?" सभेत हशा पिकला आणि विषय तिथेच राहिला.

हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. ज्याच्या घामाचा पैसा आहे त्याने तो विचारलाच पाहिजे. माझे मत प्रयोगशाळेच्या बाजूचे आहे, पण काही अटींवर. ते का, हे सांगण्यासाठी थोडे लांबून यावे लागेल.

आधी हा विषय आपल्याला परका आहे हा समज काढून टाकू. ज्यांच्या विहिरीवर पूर्वी ऑइल इंजिन होते त्यांना गव्हर्नर ठाऊक आहे. पट्टा सुटला की इंजिनावरचा भार जातो आणि ते पळू लागते. तशी गव्हर्नरची वजने बाहेर फेकली जातात, रॅक ओढला जातो, डिझेल कमी पडते आणि इंजिन पुन्हा आपल्या चालीवर येते. मालक बांधावर बसून चहा पीत असला तरी हे काम आपोआप होते. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला असा गव्हर्नर बसवला, आणि साखर कारखान्यातल्या टर्बाइनला आजही गव्हर्नरशिवाय चालत नाही. आता हाच गव्हर्नर बिघडला म्हणजे काय होते तेही आपण पाहिले आहे. इंजिन एकदा भडकते, एकदा बसते, पुन्हा भडकते. मिस्त्री म्हणतो, "हंटिंग करतंय." दुरुस्ती उशिरा होते आणि गरजेपेक्षा जास्त होते, त्याचे हे झोके. हे झोके केव्हा विरून जातात आणि केव्हा वाढत जाऊन यंत्राचा घात करतात, याचे गणित मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६८ साली मांडले. रॉकेट सरळ ठेवण्याचे गणित हे त्याच गणिताचे नातवंड आहे. लहानपणी तळहातावर काठी उभी धरून पळायचा खेळ सगळ्यांनीच केला असेल. रॉकेट म्हणजे खालून ढकललेली तसलीच काठी. फक्त हाताच्या जागी तोंड वळवणारे इंजिन असते, आणि डोळ्याच्या जागी यंत्र.

आकाशात जाणाऱ्या कोणत्याही वाहनाला तीन प्रश्न पडतात. मी आत्ता कुठे आहे? मला कुठल्या वाटेने जायचे आहे? आणि त्यासाठी या क्षणाला सुकाणू किती वळवू? बैलगाडीच्या गाडीवानाला हेच प्रश्न असतात, पण तो खुणेचे झाड बघतो, बैलांना अर्धी वाट पाठ असते आणि चुकलेच तर हाक मारून विचारता येते. आभाळात ना झाड, ना बैल, ना विचारायला माणूस.

या तीन प्रश्नांचा पाठपुरावा ज्या एका विद्यापीठात चाळीस वर्षे झाला त्याची हकीकत आपल्या उपयोगाची आहे. अमेरिकेत बोस्टनच्या शेजारी केंब्रिज गावी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. तिला एमआयटी म्हणतात. (पुण्यात याच अक्षरांची दुसरी संस्था आहे, घोटाळा नको.) तिथे चार्ल्स स्टार्क ड्रेपर नावाचे प्राध्यापक होते. पहिली पदवी मानसशास्त्राची, पुढे इंजिनियरिंग, मग पदार्थविज्ञानात डॉक्टरेट. विमान चालवायला शिकले तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की वैमानिकापुढची यंत्रे फारच भोंगळ आहेत. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी विद्यापीठातच उपकरणांची प्रयोगशाळा मांडली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बनवलेले नेम धरण्याचे यंत्र अमेरिकी आरमाराच्या विमानविरोधी तोफांवर बसले. तोफ हलत्या जहाजावर आणि विमान पळते; ते आत्ता आहे तिथे नव्हे, थोड्या वेळाने असेल तिथे गोळा टाकायचा. हे काम त्यांच्या यंत्रातले भोवरे करत.

भोवरा हा शब्द मी मुद्दाम वापरला. जायरो म्हणजे वेगाने फिरणारा भोवराच. फिरता भोवरा आपली दिशा सहजासहजी सोडत नाही. त्याच्या जोडीला वेग किती वाढला-घटला हे मोजणारे यंत्र दिले की बाहेर न बघता आपण किती आणि कुठे सरकलो याचा हिशेब लागतो. घाटात एस.टी.त डोळे मिटून बसलो तरी डावे वळण आले, उजवे आले, ब्रेक लागला हे अंगाला कळतेच. ड्रेपर यांनी हेच अंगाचे कळणे यंत्रात आणले. फेब्रुवारी १९५३ मध्ये त्यांची यंत्रणा बसवलेले बी-२९ जातीचे विमान मॅसॅच्युसेट्सहून निघाले आणि सुमारे बारा तासांनी, हजारो किलोमीटर कापून, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला लॉस एंजेलिसला पोचले. उडणे आणि उतरणे सोडले तर वाट यंत्राने धरली. ना रेडिओ, ना तारे. त्या यंत्रणेचे वजन टनाच्या वर होते! आज तसले काम करणारी चिप खिशातल्या मोबाईलमध्ये असते. अर्थात ती काही बारा तास वाट धरू शकणार नाही, पण मोबाईल आडवा केला की चित्र आडवे होते ते तिच्यामुळेच.

२५ मे १९६१ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवायचे जाहीर केले. त्यानंतर अडीच महिन्यांनी, ९ ऑगस्टला, अपोलो मोहिमेचे पहिले मोठे कंत्राट निघाले. ते रॉकेटचे नव्हते, यानाचेही नव्हते. ते होते मार्गदर्शन यंत्रणेचे, आणि मिळाले एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला. आधी वाट, मग गाडी. काम जमेल का अशी शंका निघाली तेव्हा साठीच्या ड्रेपरनी पत्र लिहून कळवले की मला यानात बसवा, मी स्वतः जातो. कुणी बसवले नाही, हा भाग निराळा. पण आपण केलेल्या कामाच्या भरवशावर स्वतःचा जीव ठेवायला तयार असलेला मास्तर मला आवडतो.

या प्रयोगशाळेने यानासाठी संगणक केला. वजन सुमारे ३२ किलो. त्याच्या कायम स्मृतीत ३६,८६४ शब्द मावत आणि चालू कामासाठी फक्त २,०४८. आजच्या मोबाईलवरचा एक फोटोही त्यात बसणार नाही. ती कायम स्मृती अक्षरशः विणलेली होती. तांब्याची तार बारीक चुंबकी मण्यातून ओवली तर एक, बाहेरून नेली तर शून्य. वॉल्थम गावच्या कारखान्यात बायका हे विणकाम करत. आज चंद्राच्या गोष्टीत अंतराळवीरांची नावे येतात, या विणकरणींची येत नाहीत.

आणि विद्यार्थी काय करत होते? चंद्रावर पाऊल ठेवणारा दुसरा माणूस एडविन ऑल्ड्रिन याने १९६३ साली याच संस्थेत डॉक्टरेट मिळवली. विषय होता, आभाळात एक यान दुसऱ्या यानाला नजरेच्या रेषेवरून कसे गाठील. त्याचे सोबती त्याला थट्टेने "डॉक्टर गाठभेट" अशा अर्थाच्या नावाने हाक मारत. नोव्हेंबर १९६६ मध्ये जेमिनी-१२ यानाचे रडार ऐन वेळी बंद पडले. ऑल्ड्रिनने हाताने कोन मोजून, तक्ते बघून हिशेब केला आणि दुसरे यान गाठले. प्रबंधाचे कागद कपाटात धूळ खातात असे आपण म्हणतो; हा प्रबंध पृथ्वीभोवती फिरत असताना कामी आला.

२० जुलै १९६९ ला चंद्रावर उतरताना संगणकाने एकामागून एक धोक्याचे इशारे दिले. १२०२, पुन्हा १२०२, मग १२०१. एका रडारचा स्विच अशा स्थितीत होता की त्यामुळे संगणकावर नको त्या कामाचा बोजा पडत होता. आता हंगामातला आपला यार्ड डोळ्यांपुढे आणा. गव्हाण एक आणि बाहेर गाड्यांची रांग, त्यात जळीत ऊस आलेला. तेव्हा शेतकी अधिकारी काय करतो? जळिताला नंबर आधी, बाकीचे थांबा. त्या संगणकाची कामाची पद्धत नेमकी अशीच बांधलेली होती. कामे डोईजड झाली की सगळे पुसून क्षणात पुन्हा सुरुवात करायची, पण यान तोलून धरण्याचे काम आधी, बाकीचे मागून किंवा नाहीच. हॅल लॅनिंग यांनी ही मांडणी केली होती, आणि मार्गारेट हॅमिल्टन या बाईंच्या हाताखाली उड्डाणाच्या आज्ञावलीचे काम चालले होते. यंत्र अडखळले पण बसले नाही. शेवटी खाली दगडधोंडे दिसले तेव्हा आर्मस्ट्राँगने सुकाणू हाती घेऊन यान पुढे नेले आणि जेमतेम इंधन उरले असता टेकवले. तेव्हाही त्याच्या हाताची आज्ञा इंजिनाला पोचवत होता तोच संगणक.

इथे कालमन यांच्याबद्दल चार ओळी जास्त लिहितो, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शेतकऱ्याच्या जवळची गोष्ट हीच आहे. रुडॉल्फ कालमन मूळचे बुडापेस्टचे, शिकले अमेरिकेत. १९६० साली त्यांनी एक निबंध छापला. त्याचा मथितार्थ असा. समजा, तुमच्या दोन एकर लागणीचा अंदाज शेतकी खात्याच्या माणसाने ९० टन धरला. तोड सुरू झाली. अर्ध्या रानाचा ऊस काट्यावर गेला, तो ४० टन भरला. आता सगळा किती भरेल? नुसता काटा बघणारा म्हणेल ८०. नुसता अंदाज धरून बसणारा म्हणेल ९०. शहाणा माणूस दोन्हीच्या मध्ये कुठेतरी आकडा धरील. पण मध्ये म्हणजे नक्की कुठे? अंदाज करणारा किती मुरलेला आहे, आणि राहिलेले रान गेलेल्या रानासारखेच आहे की नाही, यावर ते ठरेल. कालमन यांनी हे "कुठेतरी" काढून टाकले. प्रत्येक बातमीबरोबर तिचा संशयही आकड्यात मांडा, ज्याचा संशय कमी त्याचे वजन जास्त, आणि नवी ट्रॉली काट्यावर आली की अंदाज व संशय दोन्ही दुरुस्त करा. शिवाय यात एक मोठी सोय आहे. जुन्या पावत्यांचा गठ्ठा जवळ बाळगावा लागत नाही. आजचा अंदाज आणि आजचा संशय एवढे दोनच जपायचे. इवल्याशा स्मृतीच्या संगणकाला आणखी काय पाहिजे? कॅलिफोर्नियात नासाच्या केंद्रात स्टॅन्ली श्मिट चंद्रयानाची वाट काढण्याच्या चिंतेत होते, त्यांनी ही रीत उचलली आणि ती अपोलोत गेली. आज विमान, जहाज, मोबाईलमधला नकाशा, सगळीकडे तिचीच कुठली ना कुठली आवृत्ती आहे. (काही सभासदांचा काट्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यावर भरवसा जास्त असतो. त्यांच्या संशयाचे वजन कालमनलाही काढता आले नसते.)

एवढे सांगून थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण अर्धी राहील.

ज्या प्रयोगशाळेने चंद्राची वाट काढली तिनेच पोलारिस या पाणबुडीतून सुटणाऱ्या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राची वाट काढली होती. बुडालेल्या पाणबुडीतून पहिले पोलारिस सुटले तो दिवस होता २० जुलै १९६०. बरोबर नऊ वर्षांनी, त्याच तारखेला, माणूस चंद्रावर उतरला. यंत्राला चंद्र आणि शहर यांत फरक कळत नाही. त्याला फक्त ठिकाण कळते.

१९६९ साली व्हिएतनामचे युद्ध पेटलेले होते. ४ मार्चला एमआयटीतल्या अनेक शास्त्रज्ञांनी आणि विद्यार्थ्यांनी एक दिवस संशोधन बंद ठेवले आणि विचारले, आमच्या संस्थेत हे कुणासाठी चालले आहे? नोव्हेंबरात प्रयोगशाळेच्या दारात निदर्शने झाली, पोलीस आले. संस्थेने समिती नेमली, चर्चा झाल्या. शेवटी १९७० मध्ये प्रयोगशाळा वेगळी काढायचे ठरले, आणि १ जुलै १९७३ पासून ती ड्रेपर यांच्याच नावाने स्वतंत्र, विना-नफा संस्था झाली.

याबद्दल लोकांची मते दोन आहेत. कुणी म्हणतात, विद्यापीठ स्वच्छ झाले. मला तसे वाटत नाही. वेगळी झालेली प्रयोगशाळा पुढेही क्षेपणास्त्रांची मार्गदर्शन यंत्रणा करतच राहिली. बदलले एवढेच की आता रोज तिच्या दारावरून जाणारा विद्यार्थी प्रश्न विचारायला राहिला नाही. भावकीत भांडण झाले की वाटणी करून टाकतात, पण वाटणीने शेतातली हराळी जात नाही. प्रश्न विचारणारी माणसे भिंतीच्या आत होती तोवर निदान हिशेब द्यावा लागत होता. देशाच्या संरक्षणाचे काम कुणी करूच नये असे मी म्हणत नाही. ते उघड ठरावे, पैसे देणाऱ्याला माहीत असावे, आणि विद्यार्थ्याने न कळत त्यात ओढले जाऊ नये, एवढेच म्हणतो. सहकारात आपण याला अहवाल आणि ताळेबंद म्हणतो.

दुसरी बाजू आपल्या देशाची. हे ज्ञान बाजारात मिळत नाही. १९८७ साली सात श्रीमंत देशांनी क्षेपणास्त्रांच्या तंत्राची देवघेव आवळण्याचा करार केला. १९९२ साली रशियाकडून इंजिनाचे तंत्र घेण्यावरून अमेरिकेने इस्रोवर निर्बंध घातले. भारताला त्या कराराच्या पंक्तीत जागा मिळाली ती २०१६ साली. मधल्या काळात जायरो आणि वेगमापक घरीच करावे लागले; तिरुवनंतपुरमला इस्रोचा खास विभाग त्यासाठी आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणून आड खणावा लागला.

सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम लँडर उतरता उतरता हातचा गेला. अख्खा देश हळहळला. पण पुढे इस्रोच्या अध्यक्षांनी जे कारण सांगितले ते आपल्या गव्हर्नरच्याच जातीचे आहे. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा थोडा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या, त्या सुधारण्यासाठी यानाला झटक्याने वळायचे होते, पण किती वेगाने वळायचे यावर आज्ञावलीत मर्यादा घातलेली होती. त्यात उतरायची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटर एवढीच ठरवलेली. यान तिथे पोचण्याच्या नादात राहिले. पुढच्या खेपेला उतरण्याची जागा काही किलोमीटर लांबरुंद धरली, "काय बिघडू शकेल" हा प्रश्न आधी विचारला आणि २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाच्या बाजूला अलगद उतरले. मला यातले यश जेवढे मोलाचे वाटते तेवढीच २०१९ ची उघड झालेली चूकही. चूक झाकली असती तर दुसऱ्यांदा तीच झाली असती.

"हे सगळे इस्रोचे, कॉलेजच्या पोरांचे काय?" असे कुणी म्हणेल. मुंबईच्या आय.आय.टी.तल्या विद्यार्थ्यांनी कित्येक वर्षे खपून 'प्रथम' नावाचा सुमारे दहा किलोचा उपग्रह केला, आणि तो २६ सप्टेंबर २०१६ रोजी पी.एस.एल.व्ही.ने वर गेला. एका तुकडीची पोरे पास होऊन जात, दुसरी तुकडी काम उचले. दिंडीसारखे. त्यातून किती जणांना नोकरी लागली हे मला विचारू नका. काम हाताने केलेल्या पोराला नोकरी शोधावी लागते असे मी फारसे पाहिलेले नाही.

आता आपल्या शिवारात येऊ. ऊस पाच-सहा महिन्यांचा झाला की पाठीवर पंप घेऊन आत शिरता येत नाही. बारा फुटी उसात माणूस हरवतो. म्हणून फवारणीचे ड्रोन येऊ लागले आहेत, २०२३ पासून सरकारने बचत गटांच्या भगिनींनाही ते देण्याची योजना काढली आहे. चांगली गोष्ट आहे. पण ड्रोन म्हणजे काय? ड्रेपरचा भोवरा चिपमध्ये, कालमनचा हिशेब आज्ञावलीत आणि वॉटचा गव्हर्नर चार-सहा पंख्यांवर. दहा लिटरची टाकी रिती होत जाते तसे यंत्र हलके होते, आणि टाकीतले औषध हिंदकळून त्याला झोके देते. इंधन जळत हलक्या होणाऱ्या रॉकेटची हीच दोन दुखणी आहेत. म्हणजे रॉकेटचा अभ्यास आणि आपला ड्रोन यांत मी ओढूनताणून नाते लावत नाही.

विक्रेता पेटी बंद ठेवून देतो. आतले बिघडले की पेटी परत कंपनीत, आणि हंगाम निघून जातो. सपाट सोयाबीनवर नीट चालणारे यंत्र आपल्या पडलेल्या, कुठे सहा फूट कुठे बारा फूट असलेल्या उसावर उंची कशी राखते? उपग्रहाकडून कळणाऱ्या उंचीत साध्या यंत्रात काही मीटरची चूक सहज असते. उंची चुकली आणि वारा असला की औषध शेजाऱ्याच्या रानात. उसातल्या टू-फोर-डीचा नुसता वास लागला तरी द्राक्षाची पाने वाकडी होतात, कपाशीचीही. बांधावरून पिढ्यान् पिढ्या भांडणे झाली, आता वाऱ्यावरून होतील. ड्रोनवर असे तणनाशक घालावे की नाही, आणि किती वाऱ्यात फवारणी बंदच ठेवावी, हे आपल्या मातीत, आपल्या वाऱ्यात कुणी मोजून ठरवायचे? विक्रेता ठरवणार नाही. मुंबईची आय.आय.टी. आपल्या बांधावर येणार नाही. हे आपल्याच कॉलेजाचे काम आहे.

त्याला फार मोठे भांडवल लागते असेही नाही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या विद्यापीठात लॉरेन्झ मायर या विद्यार्थ्याने २००८ साली सोबत्यांना घेऊन ड्रोनचे सुकाणू स्वतः करायला घेतले, आणि त्यातून निघालेली आज्ञावली सगळ्यांना खुली करून टाकली. आज जगभर कितीतरी यंत्रे तिच्यावर उडतात, कुणीही ती उघडून बघू शकतो, सुधारू शकतो, सुधारलेले परत देऊ शकतो. हा सहकार नाही तर काय आहे? फक्त त्यांच्यात चेअरमन निवडून द्यावा लागत नाही.

महाराष्ट्रात १९८३ नंतर सहकाराच्या आधाराने खेड्यापाड्यात अभियांत्रिकी कॉलेजे उभी राहिली. त्याने शेतकऱ्याची पोरे इंजिनियर झाली, हे मोठे काम झाले. पण बऱ्याच ठिकाणी कॉलेज म्हणजे परीक्षेचा कारखाना झाला. गाळप दाखवतो, उतारा दाखवत नाही. दुसऱ्याने लिहिलेले पाठ करून पेपर लिहिणारा मुलगा दुसऱ्याची बंद पेटी विकणारा एजंट होतो, याचे आश्चर्य कशाला वाटावे?

तेव्हा सभेने हा विषय मंजूर करावा असे माझे म्हणणे आहे. मात्र प्रयोगशाळेला पहिले काम शिवारातले द्यावे. पडलेल्या उसावर ठरलेली उंची राखणे, आणि वारा वाढला की फवारा आपोआप बंद होणे, एवढ्या दोनच गोष्टी तीन वर्षांत करून दाखवाव्यात. एक वर्षात मागू नये. खोडव्यालासुद्धा वेळ द्यावा लागतो. दरवर्षीच्या अहवालात काय जमले याबरोबर काय पडले, कुठे पडले, का पडले हेही छापावे, आणि पडल्याबद्दल कुणाचा पगार कापू नये. बाहेरचे कंत्राट, मग ते कंपनीचे असो की लष्कराचे, सभेपुढे ठेवल्याशिवाय घेऊ नये. चाचण्यांसाठी द्राक्षबागेच्या शेजारचे एखादे रान मुद्दाम निवडावे आणि त्या बागाईतदाराला देखरेख समितीवर घ्यावे, तो कारखान्याचा सभासद नसला तरी. आणि जे काही आराखडे, आज्ञावली, मोजमापे तयार होतील त्यांची एक प्रत गट कार्यालयात ठेवावी, ज्याला हवी त्याने नकलून न्यावी. दुसऱ्या कारखान्याच्या माणसाने मागितली तर त्यालाही द्यावी.